माती गरम लागली की

सारिका कुंभारला माती टाकवत नसे. तिचे वडील नवी माती मळायला घेतली की कोपऱ्यातल्या ओल्या गोणपाटाखालून जुन्या मातीचा एक गोळा काढत आणि तो नव्या चिखलात कालवत. "नवी माती आडमुठी असते," ते म्हणत, "जुनीची संगत लागली की हाताला येते." पुढे चाक गेलं, भट्टी गेली, वडीलही गेले. सारिका देवखिंडीच्या बालवाडीत बाई झाली, पण ही खोड काही सुटली नाही. सगळा घोळ त्या खोडीने केला. आता ती नुसती खोडच होती की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

देवखिंड घाटमाथ्यावरचं गाव. दोन हजार त्रेचाळीस सालापर्यंत निम्मी घरं कुलपातच होती, त्यामुळे बालवाडीत पाच-सहा वर्षांची सातच पोरं उरलेली. पण बालवाडी नावाजलेली, ती तिथल्या बांधणीच्या तासामुळे. रोज तासभर पोरं लांब टेबलाशी बसून बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, सुतळी, वाळू यांतून काहीबाही उभं करत. कामटी वाकते पण मोडत नाही, खडू मोडतो पण वाकत नाही, हा पहिला धडा. पूल बांधला की त्यावर गोट्या ठेवत जायचं आणि कितव्या गोटीला कोसळतो ते बघायचं, हा दुसरा. तिसऱ्या धड्याला मात्र कळती माती लागायची.

कळती माती एका कंपनीने पोत्यांतून पाठवली होती. पहिल्या वर्षी ती कशी वापरायची हे दाखवायला फरझाना शेख नावाची त्यांची इंजिनिअर आली होती. बोलायला मोकळी बाई. तिने चिमूटभर माती सारिकाच्या तळहातावर ठेवून सांगितलं होतं, "यात चिप नाही, बॅटरी नाही, काही नाही. कण मोहरीहून बारीक. आत साधी चिकणमाती, वर एक पातळ साल. बोटाने दाबलं की सालीवर सुरकुती पडते आणि ती तशीच राहते. पुढच्या खेपेला कुणाचंही बोट तिथे आलं की माती त्याच सुरकुतीवरून आधी वाकते. म्हणजे नव्या बोटाला जुन्या बोटाची वाट सापडते. आम्ही या पोत्यांना आधी मुरलेल्या गवंड्यांच्या हातून तालीम दिलीय. तुमच्या पोरांनी कमान बांधायला घेतली, की त्यांच्या बोटांना गवंड्याचा हात मिळेल."

"आणि चुकली तर?"

"सालीत एक क्षार आहे. शेकायच्या पिशवीत असतो ना, तसला. ताण वाढला की तो गोठतो आणि गोठताना ऊब सोडतो. भिंत पडायच्या आधी माती हाताला गरम लागते. पोरांनी हात काढून घ्यायचा, बस्स."

सारिकाने त्याच दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'माती गरम लागली की हात काढायचा.' पोरं ते गाण्यासारखं म्हणायची.

जाताना फरझानाने एक गोष्ट दोनदा बजावली होती. या सुरकुत्या एका कणावरून शेजारच्या कणावर उमटतात, विरजणासारख्या पसरतात. म्हणून दर वर्षअखेरीला सगळी माती शाळेतल्या भट्टीत दोन तास भाजायची. इस्त्री फिरवल्यासारख्या सुरकुत्या जातात. "गवंड्याचा हात आम्ही नव्याने पाठवू. पण एका पोराची चूक दुसऱ्या पोराच्या हातात जाता कामा नये, सारिकाताई. एवढं सांभाळा."

हे सगळं सारिकाला पक्कं ठाऊक होतं. तरीही तिने ते केलं.

कारण त्या पहिल्या वर्षी टेबलाशी तिची ओवीही बसायची. एकुलती एक, डावखुरी. तीन वर्षांची असताना दारात सापडून तिची डावी करंगळी वाकडी झाली होती. भिंत पुरी झाली की ती त्याच करंगळीने टोकाला एक खळी पाडायची आणि म्हणायची, "ही माझी सही." दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात सगळ्यांनी किल्ले केले. ओवीने किल्ल्याच्या डाव्या उतारात बोगदा खणला, सही केली आणि जाहीर केलं, की दारातल्या किल्ल्याला याहून मोठा बोगदा करणार. दुसऱ्या दिवशी ती माती आणायला एकटीच कापावर गेली. घाटरस्त्यासाठी डोंगर तोडला होता, तिथल्या उघड्या मुरमाच्या भिंतीला गावात काप म्हणतात. तिथे ती खणत खणत आत शिरली आणि वरचा मुरूम बसला. तिचा बाप अनंता खोदाईचं मशीन चालवतो. त्याने मशीन लावलं नाही, नखांनी माती उपसून पोरीला बाहेर काढलं. उशीर झाला होता.

एप्रिलमध्ये सारिकाने सगळी माती भाजली. ओवीच्या किल्ल्याचा नारळाएवढा गोळा मात्र तिने ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. जूनमध्ये नवी पोती आली. माती खरखरीत होती, हाताला येत नव्हती. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं. मग तिने डबा उघडला आणि वडील कालवत तसा तो गोळा नव्या मातीत कालवला.

श्रावणात एके दिवशी जिजाने भिंत पुरी केली. जिजा म्हणजे मंगलआजींची नात, वर्गातली सगळ्यात बडबडी. तिने डावा हात पुढे केला, करंगळी वाकवली आणि भिंतीच्या टोकाला खळी पाडली. जिजा उजव्या हाताने जेवायची, उजव्या हाताने लिहायची.

"हे काय ग?"

"सही."

"कुणी शिकवली?"

"कुणी नाही," जिजा म्हणाली. "हाताला आली."

गणपती बसेपर्यंत सातही जणांच्या हाताला ती आली. तोवर वर्गाचा आवाजही गेला होता. एरवी एकेका कामटीसाठी भांडणारी कार्टी टेबलाशी बसली की चिडीचूप. सात डाव्या करंगळ्या वाकलेल्या, सात हात एकाच लयीत पुढेमागे. शंभूचा हात थांबला की पलीकडच्या टोकाला वेदाचाही थांबायचा, आणि दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हती.

सारिकाला भीती वाटायला हवी होती. पण झाला तो आनंद. निखळ, पोटभर आनंद, तोही दहा महिन्यांनी पहिल्यांदा. साडेबाराला पोरं घरी गेली की ती दार लोटून घ्यायची आणि हात मातीत घालायची. बोटांना वाट सापडायची, पण ती एवढ्याशा बोटांच्या मापाची, आणि सारिकाची बोटं तिच्यात मावत नसत. तरी कुणीतरी बोट धरून पुढे नेतंय असं वाटायचं. ते नेईल तिथे ती जायची. डाव्या उताराला, खाली, आत. मग माती उबदार व्हायची आणि ती रडायची. कुणाला काही सांगायचा प्रश्नच नव्हता.

अनंताला कळायचं ते कळलंच. दसऱ्यानंतर एके दुपारी तो तिला न्यायला आला आणि दारातच थबकला. टेबलावर सात किल्ले होते. त्याने चप्पल काढली, आत आला, एकेका किल्ल्यापाशी वाकला. प्रत्येकाच्या डाव्या उतारात बोगदा होता. त्याने पहिल्यात बोट घातलं, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात.

"बोटभर सरळ जातो," तो म्हणाला, "आणि मग उजवीकडं वळतो. सगळे."

"तिच्याच हातचे आहेत, अनंता. बघ ना. हात ठेव तू पण."

"मला काय दाखवतीस? मी काढलंय तिला यातनं." त्याने बोट पँटला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. "वळण कुठं होतं ते मला विचार. त्या वळणावरच सापडली ती. भाजून टाक हे."

"दिवाळीपर्यंत तरी राहू दे."

"दिवाळीला पोरं माती आणायला कुठं जातात?"

"कापाला तार लावलीय आता."

अनंता बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्याला ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, सारिका करंज्या करत होती. गेल्या वर्षी घरात फराळ झाला नव्हता. यंदा सासूबाईंनी हट्टच धरला होता. ती पारी लाटत होती, सारण भरत होती, कडेला मुरड घालत होती, आणि मनाने कुठेतरी भलतीकडे होती. ताट भरल्यावर तिचं लक्ष गेलं. प्रत्येक करंजीच्या टोकाला एक खळी होती.

तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. करंगळी वाकलेली होती. सरळ केली, पुढची करंजी घेतली, आणि मुरड पुरी होताच बोट आपसूक वाकलं. ही तर साधी कणीक होती. हिच्यात ना साल होती ना सुरकुती. वाट आता मातीत राहिली नव्हती, हातात उतरली होती. आणि हाताला कणीक काय, मुरूम काय, सारखंच.

पिठाच्या हातांनीच ती पळत सुटली. वर्षभर ती त्या रस्त्याच्या वाटेला गेली नव्हती. काप दिसला तेव्हा तारेचा खालचा पदर उचललेला होता आणि मागे घमेली, खुरपी टाकलेली होती. सहा पोरं भिंतीशी ओळीने गुडघ्यांवर बसली होती. प्रत्येकासमोर एक भोक, प्रत्येकाचा डावा हात खांद्यापर्यंत आत. कुणी बोलत नव्हतं. सातव्या भोकातून नुसते दोन पाय दिसत होते. पायांत जिजाचे पिवळे मोजे होते. वरच्या मुरमात बोटभर रुंद चीर पडली होती आणि तिच्यातून बारीक खडे सुटत होते.

"जिजा," सारिका जमेल तितक्या शांतपणे म्हणाली. "बाहेर ये बघू."

"थांबा बाई," आतून आवाज आला. "अजून गरम नाही लागली. लागली की निघते."

वर्षभर तिने एकच प्रश्न स्वतःला विचारला होता, की एवढी हुशार पोर, माती सुटायला लागली तेव्हा पळाली का नाही. आता तिला कळलं. ओवी वाट बघत होती. वळणावर हात टेकून, आईने शिकवलं तसं, माती सांगेल म्हणून वाट बघत होती. आणि डोंगराची माती कुणाला काही सांगत नाही.

पाय धरून ओढावं तर पोरीची कोपरं दोन्ही बाजूंना रोवलेली, हिसक्याने छतच खाली यायचं. हाक मारून उपयोग नव्हता, तिचा विश्वास बाईंवर नव्हता, हातावर होता. सारिका गुडघ्यांवर बसली. तिने एका पायातला मोजा हळूच काढला. दोन्ही तळहात एकमेकांवर घासले, घासले, कातडं पोळेपर्यंत घासले आणि ते त्या गार पडलेल्या तळपायाला लावले.

"गरम," जिजा म्हणाली.

आणि शिकवल्याप्रमाणे, जराही घाई न करता, कुठेही न धडकता, ती मागे सरकत बाहेर आली. तिचा आवाज ऐकताच बाकीच्या सहा जणांनीही हात काढले. सारिकाने सातही जणांना तारेपलीकडे रेटलं. ती मागे वळते न वळते तोच काप बसला. फार मोठा आवाजही झाला नाही. पोतं रितं करावं तसा मुरूम खाली आला आणि जिथे सात भोकं होती तिथे उतार झाला.

दुपारी तिने फरझानाला फोन लावून सगळं सांगितलं, गोळा कालवला इथपासून.

"आधी माती भाजा," फरझाना म्हणाली. "सगळी. आत्ता."

"माती भाजते. पण हातात गेलेलं कसं काढायचं?"

"हाताला भट्टी नसते, सारिकाताई."

अनंताने माती उचलून भट्टीत भरायला मदत केली. शेवटच्या ढिगात सारिकाने हात घातला. इतके दिवस तो उबदार व्हायला वेळ लागायचा. आज बोटं टेकताच तो गरम लागला, हात काढून घ्यावा इतका. भट्टी तापत होती म्हणून असेल. सारिकाने तसं मानून घेतलं. तिने ढीग आत सारला, दार लावलं आणि दोन तास अनंताच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसून राहिली. त्याने तिचा डावा हात आपल्या मुठीत धरून ठेवला होता.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत ती सातही घरी गेली आणि तिने आपल्या तोंडाने सांगितलं. शंभूच्या बापाने दार तोंडावर लावलं. वेदाची आई नुसती पोरीला पोटाशी धरून उभी राहिली. मंगलआजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आज तू पोचलीस म्हणून पोर घरात आहे. उद्या कोण पोचणार? तुझ्याच पोरीचा हात आहे ना तो? मग तूच बस त्या हाताशी. दुसरी बाई आणून तिला काय कळणार?"

सुट्टीनंतर बालवाडी उघडली तेव्हा भिंतीवर नवं वाक्य होतं, 'माती सांगत नाही, आपण बघायचं.' टेबलावर अंगणातली साधी तांबडी माती होती. शंभूच्या बापाने पोराला पाठवलं होतं, पण तो स्वतः दाराशी उभा होता. सारिकाने त्याला आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

पोरांनी माती हातात घेतली. आधी थोडी कुजबुज झाली, मग ती थांबली. सात डाव्या करंगळ्या वाकल्या. भिंती उठल्या, टोकांना खळ्या पडल्या, आणि सात हात एकाच वेळी डाव्या उताराला लागले. बोटभर सरळ, मग उजवीकडे. तिथे ते थांबले. सात तळवे गार मातीला टेकून सातही पोरं गप्प बसून राहिली. वाट बघत.

दारातल्या माणसाने तोंडावर हात ठेवला.

सारिका जिजाच्या शेजारी खाली बसली. तिने आपलाही हात त्या चिमुकल्या बोगद्याच्या तोंडाशी ठेवला, आणि तिच्याही करंगळीने वळण घेतलंच. एका लेकीला आपण एकदा चुकीचं शिकवलं, एवढंच तिच्या मनात होतं. आता तेच सात वेळा बरोबर शिकवायचं होतं, रोज, ही बोटं मोठी होईपर्यंत.

"गरम आहे का ग?"

"नाही."

"होणार आहे?"

जिजाने विचार केला. तिच्या कपाळाला आठी पडली. ओवीच्या पडायची तशी नव्हे, तिची स्वतःची. "माहीत नाही," ती म्हणाली.

"नाही होणार. कधीच नाही. आता वर बघ. छताला काय दिसतं?"

"चीर." जिजा अगदी जवळ वाकली. "केसाएवढी. बाई, ती मोठी होतेय."

तिचा हात आतच होता. तिने मान वर केली. तिच्यामागोमाग बाकीची सहाही सारिकाकडे बघू लागली, आणि जिजाने हळू आवाजात विचारलं, "निघू का मग?"

वर्षापूर्वी कापावर हे विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारलं असतं तरी उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

"निघ," सारिका म्हणाली. "निघ बाळा. वाट नको बघूस."

सातही हात एकदम बाहेर आले. सारिकाने ते एकेक करून मोजले.